टेनिस क्लबाचे दार आणि कोर्टावरील रीत

दोन हिवाळ्यांपूर्वी आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला आग्रहाने नेरूळच्या आपल्या घरी घेऊन गेला. वसतिगृहात असताना कबड्डीच्या संघात कोपरा सांभाळणारा हा मुलगा आज बँकेत अधिकारी आहे. संध्याकाळी आम्ही फिरावयास निघालो. वाटेत एका क्लबाचे उंच जाळीचे कुंपण लागले. आत प्रखर दिव्यांखाली चार जण टेनिस खेळत होते. तो तेथे थांबला आणि म्हणाला, "सर, सात वर्षं या रस्त्यानं जातोय. मुलगी रोज विचारते, आपण इथं कधी खेळायचं? पण आत जाऊन कुणाला काय विचारायचं, तेच कळत नाही." मला वाटले, अडचण पैशाची असावी. तसे विचारताच तो हसला. "शुल्क भरता येईल सर. आत गेल्यावर आपलं काही चुकलं तर, याची भीती वाटते."

ज्या मुलाने मैदानावर कोणालाही भीक घातली नाही, तो पस्तिशी ओलांडल्यावर एका लोखंडी फाटकापाशी अडखळला होता. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी इतिहासावर काही लिहीन अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. मी टेनिसवर लिहीत आहे. मात्र इतिहास त्यात आपोआप येणार आहे. मी स्वतः पंचेचाळिशीनंतर एका सहकाऱ्याच्या नादाने रॅकेट हाती धरली. माझा बॅकहँड आजही पाहण्यासारखा नाही. परंतु क्लबात प्रवेश कसा मिळतो आणि आत गेल्यावर कसे वागावे लागते, हे मी चुका करीत शिकलो आहे. त्या चुका इतरांना कराव्या लागू नयेत, एवढाच या लेखाचा हेतू.

लॉन टेनिस वाटते तितके प्राचीन नाही. मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८७४ मध्ये या खेळाच्या एका प्रकाराचे पेटंट घेतले आणि जाळे, खांब, रॅकेटी व चेंडू एका पेटीत घालून तो खेळ विकावयास काढला. १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. त्याच सुमारास, १८७५ मध्ये, मुंबईत बॉम्बे जिमखान्याची स्थापना झाली. तो गोऱ्यांचा होता. पुढे पारशांचा, हिंदूंचा, मुसलमानांचा असे निरनिराळे जिमखाने उभे राहिले. म्हणजे कबड्डी, कुस्ती, आट्यापाट्या हे खेळ आपल्याकडे गावाच्या मातीतून वर आले, तर टेनिस आले ते कुंपणाच्या आतून. सदस्य कोण, याचा निर्णय आधी आणि खेळ नंतर, असा त्याचा क्रम होता.

या कुंपणाच्या आत आपली माणसे मात्र पहिल्यापासून होती. पळवणकर बाळू हे नाव आपल्यापैकी अनेकांना क्रिकेटमुळे ठाऊक आहे. चांभार समाजातील हा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नोकरीला होता. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, नेट बांधणे आणि सांगितले तेव्हा टेनिस कोर्टाच्या रेषा आखणे, ही त्यांची कामे होती. सरावासाठी ते साहेबांना गोलंदाजी करीत आणि त्यातूनच त्यांचा डावखुरा हात तयार झाला. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. पण चहाच्या वेळी सहकारी आत बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रातून चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. हा तपशील आपल्याकडे कधी अवघडून, कधी रागाने सांगितला जातो. त्यामुळे मैदानावरचे त्यांचे मोल उणे होत नाही, असे मी वर्गात सांगतो आणि येथेही सांगतो. परंतु माझे मन अडकते ते त्या चुन्याच्या रेषांपाशी. ज्याने रेषा आखल्या, त्याला त्या रेषांच्या आत खेळण्याचे निमंत्रण नव्हते.

क्लबात वावरणाऱ्या घराण्यांमध्ये खेळाचे शिष्टाचार बापाकडून मुलाकडे, न बोलता जातात. ते कोणी फळ्यावर लिहून ठेवीत नाही. ज्याला ते सांगितले गेलेले नाहीत, त्याला ते मोडल्यानंतरच कळतात आणि तेव्हा आजूबाजूच्या चार भुवया वर गेलेल्या असतात. माझ्या विद्यार्थ्याची भीती हीच होती. ती खोटी नव्हती; पण तिच्यावरचा उपाय फारच सोपा आहे.

प्रथम प्रवेशाविषयी. नवी मुंबई हे आखून वसविलेले शहर आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठची गावे यांच्या जमिनीवर वाशी, नेरूळ, बेलापूर असे एकेक उपनगर उभे राहिले. शाळा, बाजार, दवाखाना यांच्याबरोबर खेळासाठीही जागा राखल्या गेल्या. वाशीतील नवी मुंबई स्पोर्ट्स असोसिएशनसारख्या संस्था आहेत. शिवाय खारघर, सीवूड्स भागांतील काही मोठ्या गृहसंकुलांत स्वतःची टेनिस कोर्टे आहेत. मुंबईच्या जुन्या जिमखान्यांत सदस्यत्वासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागते, तशी स्थिती येथे सर्वत्र नाही. शहर तरुण आहे. येथे प्रत्येकजण कुठून तरी आलेला आहे, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. जे मूळचे येथलेच, त्या आगरी-कोळी बांधवांना या क्लबांच्या आत किती जागा मिळाली, हा प्रश्न वेगळा, आणि तोही कोणीतरी लिहावयास हवा.

क्लबाच्या कार्यालयात दिवसा, कामाच्या वेळेत जावे. संध्याकाळी सहानंतर तेथील लिपिक कोर्टाच्या वेळा लावण्यात गुंतलेला असतो आणि आपल्याला तुटक उत्तरे मिळतात. ती अपमानास्पद वाटून माणूस परत फिरतो. विचारावयाच्या गोष्टी घरूनच लिहून न्याव्यात. प्रवेश शुल्क किती आणि वार्षिक वर्गणी किती? कोर्टाचे व रात्रीच्या दिव्यांचे शुल्क वेगळे आहे काय? कुटुंबाच्या सदस्यत्वात मुले कोणत्या वयापर्यंत येतात? पाहुण्याला खेळवता येते काय? पावसाळ्यात मातीची कोर्टे बंद राहतात, त्या महिन्यांची वर्गणी कशी आकारतात? सदस्यत्व न घेता केवळ प्रशिक्षणाला मुलांना पाठवता येते काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी असते आणि आपल्यासारख्यांसाठी तोच सर्वांत चांगला रस्ता आहे. मूल प्रशिक्षणाला जाऊ लागले की पालक बाकावर बसतो, ओळखी होतात, खेळाची रीत डोळ्यांखालून जाते आणि फाटकाचे भय तीन आठवड्यांत निघून जाते. क्लब ही नोंदणीकृत संस्था असेल तर तिला लेखी नियमावली असते. ती मागण्यात काहीही वावगे नाही. पैसे दिल्यावर पावती मात्र घ्यावीच.

अर्जावर बहुतेक ठिकाणी दोन सह्या लागतात, एक सूचकाची आणि दुसरी अनुमोदकाची. दोघेही आधीचे सदस्य असावे लागतात. ही प्रथा दिसावयास निरुपद्रवी आहे; पण ज्याच्या ओळखीत एकही सदस्य नाही, त्याच्यासाठी ते न दिसणारे कुलूप असते. सूचकाचे मोल काय, हे ॲल्थिया गिब्सन यांच्या चरित्रावरून कळते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेली ही कृष्णवर्णीय मुलगी कृष्णवर्णीयांच्या स्पर्धा एकामागून एक जिंकत होती. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार तिच्यासाठी उघडत नव्हते. ज्या स्पर्धांतील यशावर निवड होई, त्या गोऱ्या क्लबांत भरत आणि तेथे तिला बोलावणेच येत नसे. कोणीही लेखी नकार दिलेला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. जुलै १९५० मध्ये ॲलिस मार्बल या पूर्वीच्या गोऱ्या विजेतीने टेनिसच्या मासिकात पत्र लिहून आपल्याच बिरादरीला खडसावले की, हा सभ्य लोकांचा खेळ म्हणवता, तर आता सभ्यपणे वागूनही दाखवा. त्याच वर्षी गिब्सन त्या स्पर्धेत खेळल्या. १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षे त्यांनी विम्बल्डन जिंकले. तेथेच १९५६ मध्ये दुहेरीत त्यांच्या जोडीने विजेतेपद मिळविणाऱ्या अँजेला बक्स्टन या ज्यू खेळाडू होत्या. तेथील क्लबाच्या सदस्यत्वासाठी आपण केलेला अर्ज कधीच मंजूर झाला नाही, असे बक्स्टन यांनी पुढे अनेकदा सांगितले. विजेतेपद मिळाले, सदस्यत्व नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज कोणत्या ना कोणत्या क्लबाचे सदस्य आहेत, त्यांना माझे सांगणे असे की, आपली सही ही आता एक सार्वजनिक मालमत्ता आहे. १९२३ मध्ये बोले ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले; तरी २० मार्च १९२७ रोजी माणसे चालत जाऊन ओंजळ भरेपर्यंत तो कागदच होता. तहान आणि टेनिस यांची बरोबरी करण्याइतका मी भाबडा नाही. खुले झालेले दार आणि कोणीतरी आत गेलेले दार यांत फरक असतो, तो दाखविण्यापुरताच हा दाखला.

प्रवेशाच्या वेळी समितीतील एखादे गृहस्थ चहा घेताघेता "आपण मूळचे कुठले?" असे विचारतात. गाव सांगितल्यावर "म्हणजे पूर्ण नाव?" असेही येते. आपल्याला या प्रश्नांचा अर्थ कळतो. माझा अनुभव असा की, गावाचे नाव आणि स्वतःचे पूर्ण नाव स्वच्छ, एका दमात सांगून टाकावे आणि पुढचा प्रश्न आपण विचारावा: "सकाळचं कोर्ट किती वाजता उघडतं?" लपविणाऱ्याला तो प्रश्न पुन्हापुन्हा येतो, सांगणाऱ्याला एकदाच.

आता कोर्टावरील रीत. कपड्यांचा बाऊ करू नये. पांढराच पोशाख हवा, असा आग्रह आता थोड्याच ठिकाणी उरला आहे. बूट मात्र टेनिसचेच किंवा कोर्टावर डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे असावेत. धावण्याचे जाड तळव्यांचे बूट घालून गेलो म्हणून मला पहिल्याच दिवशी परत पाठविण्यात आले होते. राग आला, पण ते बरोबर होते. अशा बुटात पाय मुरगळतो आणि मातीचे कोर्ट खराब होते. मातीच्या कोर्टावर खेळ संपला की जाळी किंवा गोणपाट ओढून पृष्ठभाग सारखा करणे आणि रेषा झाडणे हे खेळाडूचेच काम आहे. पुष्कळ लोक ते माळ्यावर टाकून निघून जातात.

शेजारच्या कोर्टाकडे जावयाचे असेल तर चालू गुण संपेपर्यंत थांबावे आणि मगच खेळणाऱ्यांच्या मागून झपाझप जावे. आपला चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात गेला तर धावत जाऊन आणू नये. त्यांचा गुण संपल्यावर हात वर करून मागावा. दुसऱ्याचा चेंडू आपल्याकडे आला तर लगेच "लेट" म्हणून खेळ थांबवावा, तो गुण नव्याने खेळावा आणि चेंडू टोलवून न देता त्या खेळाडूच्या हाती जाईल असा द्यावा. सुरुवातीची पाचेक मिनिटे सरावाची असतात. त्यात समोरच्याला परतवता येतील असे चेंडू द्यावयाचे असतात. तेव्हाच जिंकावयास निघालेला मनुष्य सर्वांच्या डोळ्यांत खुपतो. नवे चेंडू आळीपाळीने आणावेत. नेहमी दुसऱ्याच्याच डब्यातील चेंडूंवर खेळणाऱ्याची नोंद कोणी बोलून दाखवीत नाही, पण ठेवली जाते. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणापूर्वी गुणसंख्या मोठ्याने सांगावी, स्वतःची आधी. पंधरा, तीस, चाळीस ही गणती प्रथम विचित्र वाटते. दोन दिवसांत अंगवळणी पडते. गुणांविषयी मतभेद झाला तर दोघांना मान्य असलेल्या शेवटच्या गुणापर्यंत मागे जावे आणि तेथून पुढे चालावे. आपल्याहून दुबळा प्रतिस्पर्धी मिळाला तर कंटाळा दाखवू नये. बलवान मिळाला तर सारखी क्षमा मागत खेळू नये. चेंडू जाळ्यात गेला म्हणून दर वेळी "सॉरी" म्हणण्याची सवय आपल्या लोकांना फार आहे.

हे सारे किरकोळ झाले. टेनिसच्या सभ्यतेचा गाभा एकाच ठिकाणी आहे: चेंडू आत की बाहेर, हे कोण ठरविणार? मोठ्या स्पर्धांत पंच असतात, यंत्रे असतात. क्लबात कोणीही नसते. एकेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते. जाळ्याच्या आपल्या बाजूला पडणाऱ्या प्रत्येक चेंडूचा निर्णय आपण द्यावयाचा आणि पलीकडच्या बाजूचा प्रतिस्पर्ध्याने. ज्याचा लाभ, तोच न्यायाधीश! कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही व्यवस्था उलटी वाटेल. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल यांत आपण पंचाकडे पाहतो. येथे स्वतःकडे पाहावे लागते.

म्हणून काही संकेत पडले आहेत. रेषेला निसटता स्पर्श झालेला चेंडूही आत. तो बाहेर पडल्याची पूर्ण खात्री असेल तरच "आऊट" म्हणावे, तेही तत्काळ, स्पष्ट आवाजात किंवा बोट वर करून. जरा शंका असली तर तिचा फायदा समोरच्याला. दुहेरीत जोडीदारांचे एकमत झाले नाही तर चेंडू आत धरावा. बाकावर बसलेल्यांना विचारू नये. चेंडू परतवून तो जाळ्यात गेल्यावर मग "तो बाहेर होता" असे म्हणू नये. समोरच्याचा निर्णय पटला नाही तर एकदा, शांतपणे, "नक्की?" एवढे विचारण्याची मुभा आहे. त्याने हो म्हटले की विषय संपला. ज्यांनी वसतिगृहात रोज सकाळी पंचशील म्हटले आहे, त्यांना चौथ्या शीलाची आठवण मी करून देण्याची गरज नाही. असत्य न बोलण्याचा इतका उघडा, इतका चटकन होणारा आणि इतक्या वेळा घ्यावा लागणारा सराव मला दुसऱ्या कोणत्या खेळात दिसलेला नाही. तासाभराच्या खेळात असे निर्णय कितीतरी वेळा द्यावे लागतात आणि त्यांतले चारदोन तरी मनाला टोचणारे असतात.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर मुलीला प्रशिक्षणासाठी पाठविले. वर्षभराने क्लबातील मुलांच्या सामन्यांना मला बोलावणे आले. बाकावर बसून मी पाहत होतो. मुलगी चांगली खेळत होती, पाय हलके होते. पण एक गोष्ट ध्यानात आली. समोरच्या मुलीचे चेंडू रेषेच्या चार बोटे बाहेर पडत होते आणि ही ते मुकाट्याने परतवीत होती. एकदा तर वीतभर बाहेर पडलेला चेंडू तिने आत धरला. सामना ती थोडक्यात हरली. बाहेर आल्यावर मी विचारले, "बाळ, तो चेंडू बाहेर होता ना?" ती म्हणाली, "होता. पण पप्पा म्हणाले होते, वाद नको." बाप शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही.

घरी परतताना मला डॉक्टर रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन आठवले. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग गावचे हे कृष्णवर्णीय वैद्य आपल्या घराशेजारच्या कोर्टावर मुलांना टेनिस शिकवीत. गिब्सन त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे आर्थर ॲशही. ॲश यांनी १९६८ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा आणि १९७५ मध्ये विम्बल्डन जिंकले. गोऱ्या मुलांविरुद्ध खेळताना पाळावयाचा डॉक्टरांचा एक कडक नियम होता: चेंडू रेषेच्या दोन इंचांपर्यंत बाहेर पडला तरी तो आत समजून परतवायचा. आपल्या मुलांवर कोणी खोटेपणाचा आळ घेऊ नये, तेवढ्या निमित्ताने त्यांना स्पर्धेतून काढून टाकू नये, हा त्यामागचा हेतू. दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर. टेनिसची रेषाही साधारण तेवढीच रुंद असू शकते. म्हणजे त्या मुलांचे कोर्ट तिन्ही बाजूंनी आणखी एका रेषेने मोठे होते आणि ती जादा रेषा त्यांनाच राखावी लागत होती.

डॉक्टर जॉन्सन यांना मी दोष देत नाही. वर्णभेदाचे कायदे अस्तित्वात असलेल्या प्रांतात, १९५० च्या दशकात, त्यांनी जे केले ते शहाणपणाचे होते आणि त्यातून विजेते घडले. आपल्या आजोबांनीही गावात अशीच जादा रेषा सांभाळली: रस्त्याने जाताना, विहिरीपाशी, सावकाराच्या ओट्यापुढे. परंतु त्या दिवशी कोर्टावर मी जे पाहिले त्याला सभ्यता म्हणता येणार नाही. शंकेचा फायदा देणे ही सभ्यता आहे आणि ती सर्वांनी सर्वांना सारखीच द्यावयाची असते. शंका नसताना चेंडू सोडून देणे हे भय आहे. शिवाय, त्यात एक सूक्ष्म असत्यही आहे. बाहेरचा चेंडू आत म्हणणे हेही खोटेच. मी त्या बापाला तसे सांगितले. तो म्हणाला, "सर, ती भांडकुदळ ठरली तर?" मी म्हणालो, बोट वर करून "आऊट" म्हणण्याला भांडण म्हणत नाहीत, तो खेळाचा भाग आहे. त्याला ते पूर्ण पटले असे वाटले नाही. वडीलधाऱ्यांच्या अंगातले भय व्याख्यानाने जात नाही, हे मला शिक्षक म्हणून ठाऊक आहे.

विनयाला स्वतःची किंमत असते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्याशी जोडलेले आहे. १९७४ मध्ये भारताच्या संघाने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. विजय आणि आनंद अमृतराज हे बंधू भरात होते. चषक हाताशी आला होता. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता आणि तेथे वर्णभेदाचे राज्य होते. भारताने खेळण्यास नकार दिला. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला गेला आणि अंतिम सामना न होता विजेता ठरण्याचा तो प्रसंग त्या स्पर्धेच्या इतिहासात नोंदला गेला. खेळाडूंचे मन दुखले असणार. ती संधी पुन्हा येते असे नाही. तरीही नवव्या-दहावीच्या वर्गात शिकवताना या नकाराला मी नेहमी जास्त वेळ देतो.

एक गोष्ट राहिली. प्रत्येक क्लबात सदस्यांना सराव देण्यासाठी पगारी खेळाडू असतो, त्याला मार्कर म्हणतात. चेंडू वेचणारी मुले असतात, कोर्टावर पाणी मारणारा आणि रेषा आखणारा माळी असतो. मार्कर पुष्कळदा सदस्यांपेक्षा कितीतरी सरस खेळतो. त्याला मात्र कोणीही एकेरीत हाक मारतो. पन्नाशीच्या मार्करला "अरे" म्हणणारी बारा वर्षांची मुले मी पाहिली आहेत आणि त्यांचे पालक बाकावर बसून हसत होते. आपल्या घरातील मुले या बाबतीत चुकली तर मला सर्वांत अधिक वाईट वाटेल. त्यांना "काका" म्हणावे, "दादा" म्हणावे, नाव विचारून लक्षात ठेवावे, चेंडू देणाऱ्या मुलाकडे पाहून "धन्यवाद" म्हणावे. आणि खेळ संपल्यावर चहा किंवा पाणी येते तेव्हा पेले कोणाकोणासाठी आले आहेत, हे मोजून पाहावे. बाळूंचे मातीचे पात्र कोठे ठेवले गेले होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

त्या मुलीचा पुढचा सामना मी पाहिला नाही. तिने दूरध्वनीवर सांगितला. तिसऱ्या गेममध्ये तिने "आऊट" म्हटले, समोरच्या मुलीने "नक्की?" असे विचारले, हिने "हो, नक्की" म्हटले आणि खेळ पुढे चालला. एवढेच. जिंकली की हरली, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तिचे वडील आता त्या क्लबाचे रीतसर सदस्य आहेत. गेल्या महिन्यात आपल्या शाळेच्या आणखी एका माजी विद्यार्थ्याच्या अर्जावर त्यांनी सूचक म्हणून सही केली. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे. नेरूळ व सीवूड्स परिसरातील क्लबांचे सदस्य असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे माजी विद्यार्थी संघाच्या सचिवांकडे कळवावीत.